शंभर पिल्ले आणि पहिली रात्र

कोंबडीची पिल्ले मेली म्हणून कुठल्याही वर्तमानपत्रात बातमी येत नाही. बातमी व्हावी इतके ते मरण मोठे नसतेच. पण ज्या घराला जमिनीचा तुकडा नाही, ज्या घरातली बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते आणि जिच्या हातात स्वतःच्या हक्काचा पैसा येतो तो फक्त अंडी विकूनच, त्या घरात एका सकाळी चाळीस पिल्ले मरून पडलेली दिसली तर तो त्या घरापुरता दुष्काळच असतो. आज आम्ही याच लहानशा मरणाविषयी लिहिणार आहोत. वाचकांना विषय क्षुल्लक वाटला तरी त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

२०१९ सालच्या जानेवारीतली गोष्ट आहे. आमच्या वस्तीतल्या एका आक्कांच्या नावावर कुक्कुटपालनाच्या योजनेतून एक दिवस वयाची १०० पिल्ले मंजूर झाली. निम्मी रक्कम अनुदानाची होती. उरलेली निम्मी बचत गटाने आक्कांना कर्जाऊ दिली. दुपारी चारच्या सुमारास टेम्पो आला. पुठ्ठ्याची भोके पाडलेली पेटी उतरली, कागदावर अंगठा झाला, फोटो निघाला आणि टेम्पो पुढच्या गावाला गेला. पिल्ले कशी ठेवायची, काय खाऊ घालायचे, रात्री काय करायचे, याबद्दल कुणी एक अक्षर बोलले नाही. आम्हीही तिथे उभे होतो. फोटोत आम्हीही आहोत.

समाजमंदिरामागच्या पत्र्याच्या खोलीत पिल्ले सोडली. खोलीत एक एलईडी बल्ब होता. उजेड भरपूर होता, त्यामुळे सगळे ठीक वाटले. रात्री गार वारे सुटले. सकाळी दार उघडले तर खोलीच्या एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग लागलेला. वरची जिवंत होती, खालची गुदमरून आणि गारठून मेलेली. मोजली तेव्हा ४३ भरली. आक्का म्हणाल्या, "दादा, रातभर चिवचिव चालली व्हती. म्या म्हनलं भूक लागली आसंल, म्हनून दोनदा उठून कणी टाकली." पिल्ले उबेसाठी ओरडत होती आणि आम्ही त्यांना कणी टाकत होतो. आठवडाभरात उरलेल्यांतलीही बहुतेक गेली.

त्याहून जिव्हारी लागले ते पुढचे. चौकशीला गेलो तेव्हा कचेरीतला एक जण आमच्यादेखत दुसऱ्याला म्हणाला, "या लोकांना काहीही द्या, टिकत नाही. खाल्ली असतील." एक दिवसाचे पिल्लू, ज्याचे वजन तळहातावर चाळीस ग्रॅमसुद्धा भरत नाही, ते कोण खाणार? पण त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. कारण पिल्ले का मेली, हे आम्हालाच माहीत नव्हते. चळवळीत वावरणारे, भाषणे करणारे, चार पुस्तके वाचलेले आम्ही, आणि कोंबडीच्या पिल्लाला काय लागते हे आम्हाला ठाऊक नव्हते! त्या दिवसापासून आम्ही विचारायला लागलो. पशुवैद्यकांना विचारले, कुक्कुटपालन करणाऱ्यांना विचारले, वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत.

खुडूक कोंबडीचे शास्त्र

वस्तीतल्या एका आजींनी पहिल्याच दिवशी मर्म सांगितले. "आई नाही तर ऊब कुठली?" खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस अंडी उबवते आणि पिल्ले निघाल्यावरही कितीतरी दिवस त्यांना पंखाखाली घेते. तिच्या अंगाची उष्णता आपल्यापेक्षा जास्त, सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. नव्या पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. पहिले दोन-तीन आठवडे त्याला स्वतःच्या शरीराची उष्णता स्वतः राखता येत नाही. म्हणून ते फिरते, खाते आणि पुन्हा आईच्या पंखाखाली शिरते.

पेटीतून आलेल्या शंभर पिल्लांना आई नसते. त्यांची अंडी यंत्रात उबवलेली असतात. वनराजा, ग्रामप्रिया, गिरीराजा अशा सुधारित जाती पेटीतूनच येतात. वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठीच तयार केल्या. त्या गावठी कोंबडीपेक्षा जास्त अंडी देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे पिल्ले दरवेळी विकतच आणावी लागतात आणि दरवेळी आईचे काम माणसालाच करावे लागते. पिल्ले दहा-बाराच असतील आणि घरात गावठी कोंबडी खुडूक बसलेली असेल, तर अंधार पडल्यावर ती हळूच तिच्या पंखाखाली सरकवावीत. सकाळी ती बहुधा त्यांना आपली म्हणून घेते. शंभर पिल्लांना मात्र ही युक्ती पुरत नाही.

पिल्ले येण्याआधी

पेटी दारात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. तयारी दोन दिवस आधी करायची. खोली झाडून, धुऊन, भिंतींना चुना देऊन कोरडी करावी. आधी कोंबड्या ठेवलेल्या असतील तर जुनी घाण खरवडून बाहेर काढावी, कारण मागच्या खेपेचा रोग तिथेच दबा धरून बसलेला असतो. जमिनीवर दोन इंच जाडीचे भाताचे तूस किंवा भुसा पसरावा. पहिले दोन-तीन दिवस त्यावर कागद अंथरावा, नाहीतर पिल्ले खाद्य समजून तूसच खातात. कागद गुळगुळीत नको. त्यावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लू कायमचे लंगडे होते. कागद रोज बदलावा.

खोलीला कोपरा असला की पिल्ले तिथे ढीग करतात, हे आम्ही ४३ पिल्ले गमावून शिकलो. म्हणून पुठ्ठा, पत्रा किंवा चटई वापरून दीड फूट उंचीचे गोल कडे करावे. शंभर पिल्लांना सुरुवातीला पाच फूट व्यासाचे कडे पुरते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून ते थोडे थोडे मोठे करत जावे आणि आठ-दहा दिवसांनी काढून टाकावे.

कड्याच्या मध्यभागी, जमिनीपासून साधारण दीड फुटावर बल्ब टांगावा. इथेच आमची मोठी चूक झाली होती. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. त्यासाठी तारेचा जुना पिवळा बल्बच लागतो. एका पिल्लामागे दोन वॅट, हा ढोबळ हिशेब. म्हणजे शंभर पिल्लांना १०० वॅटचे दोन बल्ब. २०० वॅटचा एकच लावू नये, कारण तो मध्यरात्री गेला तर सगळेच गेले. बल्बवर पत्र्याचे घमेले उलटे टांगले की ऊब खाली राहते. बल्ब कागदाला, पुठ्ठ्याला किंवा तुसाला टेकणार नाही, याची खात्री करावी. नाहीतर पिल्ले आणि खोली दोन्ही जळतील. पिल्ले येण्याच्या काही तास आधी बल्ब लावून जागा तापवून ठेवावी.

पिल्लेच थर्मामीटर आहेत

पुस्तकातला आकडा असा आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर ३५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९५ अंश फॅरनहाइट तापमान हवे. पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश सेल्सिअसने कमी करत जायचे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात पिसे भरली की बाहेरची ऊब लागत नाही. पण घरात थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्लांकडे बघावे, तीच सांगतात.

बल्बखाली गर्दी करून केविलवाणी ओरडत असतील तर थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्यावा. बल्बपासून दूर कड्याला चिकटून, पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त झाली, बल्ब वर घ्यावा. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे, ती फट गोणपाटाने बंद करावी. सगळीकडे सारखी पसरून काही खाताहेत, काही झोपली आहेत, असे असेल तर सगळे ठीक. मराठवाड्यात, विदर्भात मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ वर असतो. तेव्हा दिवसा बल्ब लावणे म्हणजे पिल्ले भाजणे होय. तेव्हा गरज असलीच तर रात्रीपुरतीच.

आणि वीज गेली तर? आमच्या वस्तीत वीज जाणार, हे गृहीत धरूनच चालावे लागते. वीज जाताच मडक्यात किंवा बाटल्यांत गरम पाणी भरून, त्याभोवती गोणपाट गुंडाळून ती कड्यात ठेवावीत. कोळशाची शेगडी ठेवायची असेल तर निखारे बाहेर पूर्ण फुलवून, धूर गेल्यावरच आत आणावेत. शेगडीभोवती पत्रा लावावा आणि वरची झरोक्याची वाट उघडी ठेवावी. बंद खोलीत शेगडी ठेवून तिथेच माणसांनी झोपू नये. कोळशाचा विषारी वायू माणसाचाही जीव घेतो. पहिल्या आठवड्यात रात्री दोनदा उठून पाहावेच लागते. तान्ह्या लेकरासाठी आई उठते, तसेच.

आधी पाणी, मग खाणे

अंड्यातला उरलेला बलक पोटात घेऊनच पिल्लू बाहेर येते. त्याच शिदोरीवर ते दोन-तीन दिवस काढू शकते. म्हणून तर पेटीतून इतक्या लांबचा प्रवास होतो. पण प्रवासात त्याच्या अंगातले पाणी आटते. त्यामुळे पेटी उघडली की आधी पाणी. उकळून कोमट केलेल्या पाण्यात थोडा गूळ किंवा ग्लुकोज घालावे. प्रत्येक पिल्लू हातात घेऊन त्याची चोच पाण्यात हलकेच बुडवून काढावी आणि मगच कड्यात सोडावे. शंभर पिल्लांना अर्धा तास लागतो, पण एकदा पाण्याची ओळख झाली की ते स्वतः पिते.

भांडे उथळ असावे. खोल ताटली ठेवली तर पिल्ले बुडून मरतात. विकतचे पाण्याचे भांडे नसेल तर ताटलीत स्वच्छ खडे टाकावेत. शंभर पिल्लांना दोन भांडी तरी हवीत आणि ती रोज घासायला हवीत.

पाणी पिऊन दोन तास झाल्यावर खाद्य द्यावे. पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा कागदावर पसरावा. दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे तयार खाद्य, ज्याला दुकानात 'चिक स्टार्टर' म्हणतात, ते द्यावे. त्यात सुमारे २० टक्के प्रथिने असतात. नुसत्या कणीवर किंवा ज्वारीच्या भरड्यावर पिल्लू जगते, पण खुरटते. पहिल्या आठवड्यात एक पिल्लू दिवसाला १० ते १५ ग्रॅम खाते. म्हणजे शंभर पिल्लांना दिवसाला दीड किलोपेक्षा जास्त लागत नाही. परवडत नाही म्हणून इथे हात आखडला तर पुढचे सगळे फुकट जाते. बुरशी आलेला मका किंवा खवट पेंड मात्र स्वस्तात मिळाली तरी घालू नये. ते विषच आहे.

मागच्या बाजूला विष्ठा चिकटून वाट बंद झालेली पिल्ले दिसतात. ती ओढून काढू नये. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसावी, कोरडे करावे आणि ऊब नीट आहे का ते पाहावे. तूस ओले झाले की लगेच बदलावे. ओल्या तुसातूनच रक्ती हगवण येते. विष्ठेत रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. खोलीत शिरताच डोळे चुरचुरले तर तूस खराब झाले असे समजावे. आपले डोळे पाच फुटांवर चुरचुरतात, पिल्लाचे नाक तर तुसापासून दोन इंचांवर असते.

मानमोडी आणि लसीची बाटली

ज्या रोगाने वस्त्यांतल्या कोंबड्या एका आठवड्यात साफ होतात तो मानमोडी, म्हणजे राणीखेत. मान मुरगळते, हिरवट हगवण होते, पक्षी धापा टाकतो. त्यावर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरोची लस. चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यानंतर मानमोडीची टोचायची लस. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात दिलेली असते. पिल्ले घेताना ती दिली आहे का, हे विचारून घ्यावे. तारखांमध्ये थोडा फरक डॉक्टर सांगतील तसा करावा.

लस बर्फात आणावी लागते, आजारी पिल्लांना देऊ नये आणि एकदा पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. बाटली शेकडो पिल्लांची असते आणि एकट्या घरात पिल्ले असतात वीस. म्हणून एकटी बाई लस आणतच नाही. यावर उपाय एकच, सगळ्या वस्तीने एका संध्याकाळी पिल्ले एकत्र आणायची आणि एका बाटलीत काम उरकायचे. आमच्या वस्तीत आता असेच होते. संघटन म्हणजे मोर्चाच, असे थोडेच आहे!

एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर ते नदीत, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यातही तो आला. असे काही झाले की अफवा आधी पोहोचते आणि नुकसान परसातल्या चार कोंबड्या पाळणाऱ्याचेही होते. लपवाछपवीने रोग वाढतो, कळवल्याने आटोक्यात येतो. पोरांनाही पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुवायला शिकवावे.

राहिले शत्रू. घूस, मुंगूस, बोका, साप, कावळा. जाळीचे भोक अर्ध्या इंचाहून मोठे नको आणि दाराखाली फट नको. एका रात्रीत एकटे मुंगूस वीस पिल्ले मारून जाते, खाते मात्र दोन-तीनच.

आठवडी बाजारात सायकलवर गुलाबी, हिरवी, निळी पिल्ले विकायला येतात. लेकरे हट्ट करतात. ती बहुतेक अंड्यांच्या जातीतले नर असतात. उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसतो म्हणून रंगवून विकली जातात. बुटाच्या खोक्यात एकटे ठेवलेले असे पिल्लू पहिल्याच रात्री मरते आणि सकाळी लेकरू रडते. घ्यायचीच असतील तर तीन-चार घ्यावीत आणि वर सांगितलेली ऊब द्यावी. नाहीतर घेऊच नयेत.

प्रश्न फक्त पिल्लांचा नाही

काही कार्यकर्ते आम्हाला विचारतात, जमीन मागणाऱ्या समाजाने कोंबड्या राखत बसायचे काय? प्रश्न योग्य आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते जमिनीसाठी. २००४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या नावाच्या योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमिनीची तरतूद झाली. ती किती घरांपर्यंत पोहोचली, हा सवाल प्रत्येक जिल्ह्यात विचारलाच पाहिजे. कोंबडी हा जमिनीला पर्याय नाही आणि कुणी तसा तो पुढे केला तर आपण स्वीकारता कामा नये.

पण आमच्या आजी एक गोष्ट सांगतात, तीही विसरता येत नाही. त्यांच्या सासऱ्याने कर्ज काढून म्हैस घेतली होती. गावात त्यांच्या हातचे दूध कुणी घेईना. म्हैस विकावी लागली. अंडी मात्र गावातली घरे मागच्या दाराने नेत. "अंड्याला कवच असतंय ना, त्याला इटाळ लागत न्हाई," असे सांगून आजी हसतात. त्या हसण्यात किती काय आहे ते वाचकांना सांगायला नको. त्या अंड्यांच्या पैशांतून आजींनी मुलाची परीक्षेची फी भरली. तो मुलगा पुढे शिक्षक झाला.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. योजना द्यायची तर ती फोटोपुरती देऊ नका. पेटीबरोबर मराठीत छापलेला एक कागद द्या. पिल्ले देण्याआधी एक दिवसाचे प्रशिक्षण द्या आणि ते तालुक्याच्या सभागृहात नको, वस्तीत द्या. लसीच्या तारखा लिहून द्या आणि त्या तारखेला माणूस पाठवा. अधिकारी ओळखीचा असलेल्या बागायतदाराला हे सगळे ज्ञान आपोआप मिळते. भूमिहीन बाईला मात्र नुसती पेटी मिळते. पिल्ले मेली की दोष तिच्या जातीला दिला जातो. एक पिवळा बल्ब न सांगणाऱ्याला कुणी दोष देत नाही.

आणि आपल्या शिकलेल्या मुलांनाही आमचे सांगणे आहे. वस्तीत कुणाच्या दारात पेटी उतरली तर फोटो काढून घरी जाऊ नका. पहिल्या रात्री तिथे थांबा. बल्ब कुठला आहे ते बघा, कोपरे झाका, पाणी गरम ठेवा, तारखांची वही घाला.

दुसऱ्या वर्षी गटाने पुन्हा १०० पिल्ले आणली, या वेळी स्वतःच्या पैशाने. पहिल्या रात्री आम्ही आळीपाळीने जागलो. पहाटे तीनला वीज गेली. आक्कांनी आधीच मडकी तापवून ठेवली होती. तीन आठवड्यांनी मोजणी झाली तेव्हा सात पिल्ले कमी होती. आक्कांनी तो आकडा वहीत स्वतः लिहिला. मागच्या वर्षी जिथे अंगठा उमटवला होता, त्या कचेरीत त्या ती वही घेऊन गेल्या आणि टेबलावर उघडून ठेवली. पानावर खाली त्यांची सही होती.